पावणेचार मीटर पुरे आहेत

नाशिकहून गंगापूर रस्त्याने पश्चिमेला निघालं की आधी आनंदवल्ली लागतं. राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या नावाशी जोडलेलं हे गाव आता शहराच्या पोटात गेलं आहे. मग सोमेश्वर, मग गंगापूर गाव. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयात इथे राहिल्या. त्यापुढे गोवर्धन. पांडवलेण्यांतल्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीने ज्या गोवर्धनच्या अमात्याला आदेश धाडला आहे, ते गोवर्धन हेच असं मानलं जातं. गोवर्धन ओलांडलं नाही तोच बागा सुरू होतात, आणि १९९९ साली स्थापन झालेली सुला वायनरीही याच गावच्या शिवारात आहे. पुढे सावरगाव, गंगावऱ्हे आणि गंगापूर धरणाचं पाणी. सातवाहन, पेशवे आणि वाइनचं शेनिन ब्लाँ द्राक्ष असे एकाच सकाळच्या सायकलफेरीत बसवणारे रस्ते महाराष्ट्रात दुसरीकडे सापडणं कठीण.

याच रस्त्यांवर रविवारी सकाळी साडेआठनंतर चित्र पालटतं. मळ्यातल्या मिसळीला निघालेल्या गाड्या, वायनरीकडे वळणाऱ्या गाड्या, धरणाच्या काठी फोटो काढायला थांबलेल्या गाड्या. त्यातच शेतमालाचे पिकअप आणि फवारणीचे ब्लोअर जोडलेले ट्रॅक्टर. कोंडी झाली की मागणी ठरलेली असते: रस्ता रुंद करा. सिंहस्थ जवळ आल्यावर तर नाशिकभोवतीच्या कुठल्याही रस्त्याला ‘रुंदीकरण’ हा एकच उपाय सुचतो. सायकलवाल्यांची बाजू घेणारे त्यात एक ओळ जोडतात, ‘शेजारी सायकल ट्रॅकही हवा’.

दोन्ही मागण्या चुकीच्या आहेत. द्राक्षपट्ट्यातले गावरस्ते आहेत तेवढेच रुंद राहू द्यावेत. ते गुळगुळीत करावेत, त्यांच्या कडा भराव्यात, त्यांच्यावरचा वेग कमी करावा आणि ते एकमेकांना जोडावेत. वेगळा ट्रॅक बांधण्याच्या फंदात तर पडूच नये. पुण्यात सायकल ट्रॅकवर दुचाक्या आणि हातगाड्या कशा वस्तीला आल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. खेड्यात त्या ट्रॅकवर कांदा वाळत पडेल, सोयाबीन मळली जाईल, आणि त्यात शेतकऱ्याचा काही दोष नसेल. घरासमोर सपाट, कोरडी, वाहनं न येणारी जागा दिसली तर कोणीही ती वापरणारच.

रुंदीचा हिशेब मांडून बघावा, कारण वाद भावनेवर चालतो आणि अपघात सेंटिमीटरवर होतात. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ३.७५ मीटर असते. सायकलवाला कडेपासून ३० सेंमी आत चालतो. हँडल आणि डुलणं धरून त्याला ७५ सेंमी लागतात. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, तेच माप घेऊ. मोटार १.८ मीटर. बेरीज ४.३५ मीटर होते. म्हणजे रस्ता ६० सेंमी कमी पडतो.

हे ६० सेंमी कुठून येतात, यावर सगळं ठरतं. साइडपट्टी डांबराच्या पातळीला दाबून भरलेली असेल तर चालक उजवी चाकं मुरमावर उतरवतो, त्यासाठी वेग वीस-पंचविसावर आणतो आणि सुरक्षित अंतराने पुढे जातो. साइडपट्टी दहा-पंधरा सेंमी खचलेली असेल तर तो चाक उतरवत नाही, कारण तेल टाकीला मार बसेल ही भीती रास्त असते. मग तो ते ६० सेंमी सायकलवाल्याच्या अंतरातून कापून घेतो. दीड मीटरचे नव्वद सेंमी होतात. त्यातच सायकलवाला दचकून डावीकडे झाला, तर त्याचं चाक त्याच खचलेल्या कडेवरून घसरतं. परत वर घेताना पुढचं चाक कडेला घासत राहतं, चढत नाही, आणि माणूस उजवीकडे म्हणजे गाडीच्या दिशेने पडतो. गावरस्त्यांवरच्या पडझडीचं हे नेहमीचं कारण आहे. त्याचा रुंदीशी फार कमी संबंध आहे, मुरमाशी जास्त आहे.

आता रस्ता सात मीटर केला असं धरू. प्रत्येक बाजूला साडेतीन मीटर. ४.३५ मीटर तिथेही बसत नाहीत. समोरून गाडी येत असेल तर ओलांडणाऱ्याला थांबायला हवं, पण सात मीटरच्या काळ्याभोर रस्त्यावर कोणी थांबत नाही. फरक एवढाच पडतो की पूर्वी पस्तीसच्या वेगाने जाणारी गाडी आता सत्तरने जाते. कोरड्या डांबरावर, चांगल्या ब्रेकने, चालकाला भानावर यायला दीड सेकंद धरला तर ताशी ३० किमी वेगाची गाडी सुमारे १८ मीटरमध्ये थांबते, ६० वेगाची ४५ मीटरमध्ये, ८० वेगाची जवळपास ७० मीटरमध्ये. द्राक्षाच्या मांडवामुळे किंवा शेडनेटमुळे बागेच्या कोपऱ्यावर समोरचं वीस-पंचवीस मीटरच दिसतं. हे आकडे शेजारी ठेवले की रुंदीकरणाने काय मिळतं ते कळतं.

‘मग शेतमाल कसा निघणार?’ हा प्रश्न टोलवण्यासारखा नाही. द्राक्षाच्या हंगामात कंटेनर येतात, पिकअपच्या रांगा लागतात, गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटो जातो. पण बागायतदाराला विचारलं तर त्याची तक्रार रुंदीपेक्षा खड्ड्यांची आणि धुळीची असते. क्रेटमधल्या घडांना हादरे बसले की मणी गळतात, देठाशी इजा होते. वाइनच्या द्राक्षांचं आणखी वेगळं. ती पहाटे तोडून ऊन चढायच्या आत पोचवायची असतात, मणी फुटला तर वाटेतच आंबायला लागतो. कच्च्या रस्त्याची धूळ कडेच्या ओळींवर बसते, तिथे लाल कोळीचा उपद्रव वाढतो आणि त्या ओळींचे घड बाजारात बाजूला काढले जातात. गुळगुळीत डांबर आणि भरलेल्या कडा जितक्या सायकलवाल्याच्या हिताच्या, तितक्याच शेतकऱ्याच्या. दोन मोठी वाहनं समोरासमोर आली तर काय, याला साधं उत्तर आहे. दर दोन-तीनशे मीटरवर, जिथे सरकारी जागा आहे तिथे, एक ट्रक बाजूला घेता येईल एवढी फुगवटी ठेवावी. पूर्ण रस्ता रुंद करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि भूसंपादनाचा वादही उभा राहत नाही.

फ्रान्समधल्या बर्गंडीचं उदाहरण आपल्याकडे हमखास दिलं जातं, पण बहुतेकदा उलटं समजून. बोन गावापासून सांतने गावापर्यंत ‘व्हुआ दे व्हीन्य’, म्हणजे द्राक्षबागांची वाट, अशी सुमारे २२ किलोमीटरची सायकलवाट आहे. पोमार, व्होलने, म्यर्सो, पुलिन्यी-माँत्राशे या जगप्रसिद्ध गावांतून ती जाते. बागांसकट त्या डोंगरउताराला २०१५ साली युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. आपल्याकडच्या सादरीकरणांत तिचे फोटो दाखवून ‘असा ट्रॅक बांधू’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात ती बहुतांशी बागेत जाण्यासाठी असलेली शेतकऱ्यांचीच वाट आहे. तिच्यावर सायकलबरोबर उंच पायांचे, द्राक्षाच्या ओळीवर टांग टाकून चालणारे ट्रॅक्टरही असतात. ट्रॅक्टर आला की सायकल बाजूला होते. लांबच्या गाड्यांसाठी समांतर मोठा रस्ता आहेच, त्यामुळे बागेच्या वाटेवर बाहेरच्या गाडीचं काही काम पडत नाही. त्यांनी नवं फार थोडं बांधलं. जे होतं ते जोडलं, फाट्याफाट्यावर पाट्या लावल्या आणि गाड्यांना दुसरीकडे वळवलं.

आपल्याकडेही तुकडे आहेत, जोड नाही. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट असतो, एकेरी तुटक रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फूट. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलं तर दोन्हीकडच्या बांधांनी त्यांना गिळत गिळत बैलगाडीपुरतं ठेवलेलं असतं. अशी अर्ध्या किलोमीटरची एक पाणंद मोकळी झाली की कधीकधी राज्यमार्गावरचे पाच किलोमीटर टळतात. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने अडवलेला रस्ता खुला करून घेता येतो हे खरं. पण सायकलच्या नावाने नोटिसा निघाल्या तर गाव कायमचं विरोधात जाईल, आणि जायलाच हवं. पाणंद आधी शेतकऱ्यासाठी खुली व्हावी. २०२१ पासूनच्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेसारखी वाट त्यासाठी आहे. सायकल तिथे पाहुणी म्हणून येईल.

पाहुण्यांनी घराचे नियम पाळायचे असतात, आणि द्राक्षबागेचे नियम शहरी सायकलवाल्याला माहीत नसतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागायतदार त्याला नुसतं ‘पेस्ट’ म्हणतो. हे रसायन कातडीला आणि डोळ्यांना घातक आहेच, शिवाय शरीरात मद्य पचण्याची क्रिया ते अडवतं. म्हणून ते हाताळणाऱ्यांना आधी आणि नंतर मद्य न घेण्याची ताकीद असते. ज्या भागाचं पर्यटन वाइनवर उभं आहे, तिथे ही गोष्ट एकाही माहितीपत्रकात सापडू नये, याला काय म्हणावं? पावसाळी हवेत डावणी रोगासाठी, थंडीत भुरी रोगासाठी ब्लोअर फिरतात. वारा पडलेला असतो म्हणून फवारणी पहाटे आणि तिन्हीसांजेला होते, म्हणजे नेमकी सायकलची वेळ. दम लागलेला माणूस मिनिटाला स्वस्थ माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो. ब्लोअर दिसला तर वाऱ्याची दिशा पाहून थांबावं, ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ द्यावा, मग निघावं. बागेत शिरून घड तोडणं तर चोरी आहेच, शिवाय फवारणीनंतरचा प्रतीक्षाकाळ उलटलेला आहे की नाही हे तोडणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तो फटका नाशिकचा बागायतदार विसरलेला नाही. बाहेरचा माणूस बागेत फिरताना दिसला की तो का चिडतो, ते यावरून समजावं.

छाटणीच्या दिवसांत रस्त्यावर काड्यांबरोबर बांधणीच्या तारेचे तुकडे पडतात. पंक्चरचं पहिलं कारण तेच. मग बाभळीचे काटे आणि साइडपट्टीवरचे सराटे. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट किंवा फडकं फिरवून रुतलेला तुकडा काढला नाही तर अर्ध्या किलोमीटरवर दुसरं पंक्चर ठरलेलं. तारेचा तुकडा बारीक असतो, बाहेरून दिसत नाही आणि हवा भरल्यावरच टोचतो.

यात थोडा दोष सायकलवाल्यांच्या हौसेचाही आहे. २३ किंवा २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये शंभर-एकशेदहा पीएसआय हवा ठासून गावरस्त्यावर यायचं आणि रस्त्याला नावं ठेवायची, ही अजून न गेलेली फॅशन आहे. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिमी टायरमध्ये ६५ ते ७० आणि ३२ मिमीमध्ये ५० ते ५५ पीएसआय पुरते. मागच्या चाकात तीन-चार जास्त. टायर खडबडीत पृष्ठभागावर उड्या मारण्याऐवजी दबतो, म्हणून वेगही घटत नाही. पण त्याखाली जायचं नाही. हवा कमी पडली की गतिरोधकावर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेमटते आणि सापाच्या दंशासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पाऊस झाल्यावर दोन दिवस काळ्या मातीच्या पाणंदीत शिरूच नये. ती माती टायरला थापत जाते, ब्रेकच्या कमानीत गच्च बसते आणि पन्नास मीटरमध्ये चाक फिरेनासं होतं. मुरमाड वाटेवर ही अडचण नाही. नकाशा करणाऱ्याने रस्त्याची लांबी लिहिण्याआधी माती लिहावी.

गतिरोधकांबद्दल मात्र रस्ता बांधणाऱ्यांनाच धरायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच हवा. पंचवीसच्या वेगाने त्यावरून सायकल अलगद जाते. गावात मात्र फूट-दीड फूट रुंदीचे डांबराचे ढीग असतात, एकामागोमाग तीन-चार, रंग न दिलेले. दुचाकीवाले ते टाळायला साइडपट्टीवरून जातात, तिथे चर पडते, मग सायकलही त्याच चरीतून. गावाच्या वेशीवर रस्ता तीन मीटरपर्यंत अरुंद करणं आणि शाळेसमोर रस्ताच पाच-सहा मीटर लांबीपर्यंत उचलणं, या दोन गोष्टींनी वेग अधिक खात्रीने कमी होतो. पाइपलाइन टाकायला आडवा फोडलेला रस्ता हाही तसाच शत्रू. चर नुसत्या मातीने बुजवली की पहिल्या पावसात बसते आणि वर रात्री न दिसणारी आडवी खाच तयार होते. ठिबकचं पाणी हवं तर रस्त्याखालून पाइप जाणारच, म्हणून नवं डांबर टाकण्याआधीच दर शंभर-दोनशे मीटरवर एक रिकामा सिमेंट पाइप आडवा पुरून ठेवावा. इतकी साधी गोष्ट अंदाजपत्रकात नसते आणि पुढच्या वर्षी रस्ता फुटतो.

जोडणीसाठी लांबलचक एकच ‘वाइन रूट’ आखणं हा आणखी एक मोह. एक रेघ ओढली की तिच्यावर हॉटेलं येतात, गाड्या येतात आणि बाकीच्या गावांना काही मिळत नाही. बेल्जियममधल्या लिंबर्ग प्रांताने १९९५ मध्ये वेगळा मार्ग काढला आणि तो पुढे नेदरलँड्सने उचलला. तिथे मार्गांना नावं नाहीत, फाट्यांना आकडे आहेत. प्रत्येक फाट्यावर त्याचा आकडा आणि शेजारच्या फाट्यांकडे जाणारे बाण. फिरणारा आपली माळ आपण ओवतो: १२, १७, १८, ४. एखादा तुकडा बंद असेल तर एकच बाण झाकला की भागतं.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्याला ही पद्धत जणू मापाने शिवलेली आहे, कारण इथले रस्ते जाळ्यासारखे आहेत आणि तुकडे सतत बंद पडतात. आज या शिवारात फवारणी, उद्या त्या ओढ्याच्या फरशीवरून पाणी. फवारणीच्या दिवशी शेतकऱ्याने वाटेच्या तोंडाशी लाल फडकं बांधायचं, एवढाच करार पुरतो. फरशी पुलांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे ब्रेक लावला की सायकल आडवी. त्या फाट्याचा बाण जून ते सप्टेंबर उतरवून ठेवावा.

या जाळ्यात पश्चिमेची वायनरीची गावंच असावीत असं नाही. उत्तरेला पेठ रस्त्याजवळ रामशेज आहे. १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मुघलांना झुंजवणारा हा किल्ला जमिनीवरून पाहिला तर इतका ठेंगणा दिसतो की विश्वास बसत नाही. दिंडोरी-वणीच्या मैदानात १६७० साली, सुरतेहून परतताना, शिवाजी महाराजांची दाऊदखानाशी लढाई झाली. आज त्याच तालुक्यात शाँदों या फ्रेंच नाममुद्रेची फसफसती वाइन बनते. पूर्वेला गोदाकाठचा भाग तर याहून संपन्न. चांदोरीत दिल्ली दरबारी पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगण्यांचे वाडे, नदीपात्रात पाणी उतरल्यावर वर येणारी देवळं, पुढे नांदूरमध्यमेश्वरचं पाणपक्ष्यांचं अभयारण्य, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. मग निफाडची थंडी, आणि विंचूर: पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याचं गाव आणि २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर उभं राहिलेलं वाइन पार्क, दोन्ही एकाच नावाखाली. या बाजूला सायकलवाले कमी येतात. कारण सरळ आहे. नाशिक-संभाजीनगर रस्ता जीवघेणा आहे आणि त्याला पर्याय असलेले आतले रस्ते माहीत नाहीत. शिवाय नोव्हेंबर ते मार्च उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नसलेल्या. मागची ट्रॉली वळणावर आत ओढते, म्हणून डावीकडून तिच्या शेजारी कधी जायचं नाही.

चांदोरीतल्या वाड्यांचं, गोवर्धनच्या प्राचीनतेचं सांगणारी धड पाटीही जागेवर मिळत नाही. गाडीवाला वायनरीच्या दारात उतरतो आणि तिथूनच परत जातो. सायकलवाल्याला मात्र दर पंधरा किलोमीटरवर पाणी लागतं, चहा लागतो, सावली लागते, आणि महिलांना स्वच्छतागृह लागतं, ज्याचा विचार बहुतेक आराखड्यांत नसतोच. तो पैसा गावातल्या टपरीवर आणि बचत गटाच्या पिठलं-भाकरीवर खर्च होतो. रक्कम छोटी असते, पण ती वाटली जाते. सायकल चालवणाऱ्यांची नाशिकला वाण नाही. २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन इथलेच.

उरला वाइनचा प्रश्न, आणि तो संकोचाने बाजूला ठेवला जातो. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकावी की नाही यावर राज्यभर रण माजलं. वाइन चाखून परत शहराकडे येणाऱ्याने कोणत्या रस्त्याने आणि कशावर बसून यावं, हे त्या गदारोळात कोणी विचारलं नाही. चाखण्याचे पाच नमुने, प्रत्येकी ३० मिलिलिटर, म्हणजे १५० मिलिलिटर. बारा टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क. पासष्ट किलोच्या पुरुषाच्या रक्तात यामुळे १०० मिलिलिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम येतात, पंचावन्न किलोच्या स्त्रीच्या रक्तात पंचेचाळीसच्या आसपास. मोटार चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे ‘नुसतं चाखलं’ म्हणणारा माणूस गाडीच्या दारापाशीच मर्यादेवर उभा असतो, आणि तासाला पंधराच्या आसपासच उतरतं.

सायकल मोटार वाहन नसल्याने तिला ही मर्यादा लागू होत नाही. फ्रान्समध्ये ती सायकलस्वारालाही लागू आहे, १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. कायदा काहीही म्हणो, उन्हात साठ किलोमीटर चालवून घाम गळालेल्या, रिकाम्या पोटीच्या माणसाला तेवढीच वाइन लवकर चढते आणि सायकलचा तोल ही डोक्याने करायची गोष्ट आहे. म्हणून सायकलवाल्याने चाखणं मागितलं तर वायनरीने ते थुंकपात्रासह द्यावं. वाइनतज्ज्ञ जगभर थुंकतातच, त्यात असभ्य काही नाही. नाहीतर बाटली विकावी आणि संध्याकाळी मुक्कामी पोचवावी. भरलेली बाटली सव्वा किलोची असते, रोड सायकलला कॅरिअर नसतं आणि जर्सीच्या मागच्या खिशात काच घेऊन कोणी पडू नये. सकाळी सायकल, संध्याकाळी वाइन, हा क्रम पाळला तर मुक्कामही वाढतो. वायनरीला त्यात तोटा काही नाही.

खरी गाठ मालकीत आहे. गोवर्धनपासून दिंडोरीपर्यंत पन्नास किलोमीटरचा फेरा आखला तर त्यात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे, गल्ल्या ग्रामपंचायतीच्या आणि कालव्याच्या कडेची वाट जलसंपदाची. कालव्याच्या वाटेचा मोह सगळ्यांनाच होतो. गंगापूरचा डावा कालवा पूर्वेला निफाडकडे जातो, चढ-उतार जवळपास नाहीत. पण ती पाहणीची वाट आहे, कठडा नाही, आवर्तनात पाणी काठोकाठ असतं. परवानगी आणि कठडा असल्याशिवाय तिच्यावर कोणाला नेऊ नये.

चार खात्यांत समन्वय होणार नाही असं म्हणणाऱ्यांनी दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पाकडे पाहावं. तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी कालव्याचं पाणी मोजून घेणं, वाटणं आणि पट्टी गोळा करणं स्वतःच्या हातात घेतलं. पाण्यासारख्या भांडणाच्या गोष्टीत हे जमलं असेल, तर रस्त्याची कड भरायला अडचण असू नये. वेगाची मर्यादा घालायला मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ आहे, ठराविक रस्त्यावर ठराविक वेळी वाहनं थांबवायला कलम ११५ आहे. रविवारी सहा ते नऊ, स्थानिकांची आणि शेतीची वाहनं सोडून बाकीच्यांना एका तुकड्यावर बंदी, एवढंच सहा महिने करून बघावं. दोन ग्रामपंचायतींनी ठराव दिला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे नेण्यासारखं ते काम आहे.

मुरमाचा आकडाही मांडून ठेवू. एक किलोमीटर रस्ता, दोन्ही बाजूंना मीटरभर साइडपट्टी, सरासरी १० सेंमी खचलेली. दाबून २०० घनमीटर, म्हणजे सत्तर ब्रासच्या वर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबताना बसतो ते धरलं तर नव्वद ब्रास मागवावा लागतो. पाणी मारून रोलर फिरवला नाही तर तो डिसेंबरपर्यंत शेतात गेलेला असतो. हे काम पाऊस सरल्यावर आणि छाटणीचे ट्रॅक्टर सुरू होण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत बसवावं लागतं. फाट्यांच्या आकड्यांची पहिली पाटी गोवर्धनच्या फाट्यावर लावता येईल, पण खांब रोवण्याआधी तिथून सावरगावपर्यंतची डावी कड मोजपट्टी घेऊन चालत बघावी आणि जिथे पाच सेंमीपेक्षा जास्त उतार आहे तिथे खडूने खूण करावी.